हात जोडलेला किडा आणि आपला जमाखर्च



चातुर्मासात आपण पालेभाजी बंद करतो, पाणी गाळताना गाळणं उजेडात धरून पाहतो, धान्य दोनदा निवडतो. अशा घरातला नातू परदेशातून फोनवर म्हणाला, "आजी, मला एक किडा विकत घ्यायचाय," तर तुम्ही काय सांगाल? हसून सोडून द्याल, की रागवाल? माझ्या मते दोन्ही करू नये. प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

किडा म्हणजे प्रार्थना कीटक. आपल्याकडे कुणी त्याला खंडोबाचा किडा म्हणतं, कुणी सरळ नाकतोडाच म्हणून मोकळं होतं. हिरवा, लांब मानेचा, पुढचे दोन पाय नमस्कारासारखे जोडून बसलेला. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, जपान इथे हे किडे पाळायचा, त्यांची पैदास करायचा आणि ते विकायचा छंद चांगलाच रुजलेला आहे. आग्नेय आशियातला फुलासारखा दिसणारा ऑर्किड मँटिस आणि आपल्या दक्षिण भारतातला व श्रीलंकेतला व्हायोलिन मँटिस यांना तिथे मोठी मागणी असते. पिल्लू कितव्या कातेचं आहे ते जाहिरातीत लिहितात आणि लहानशा डबीत ओलसर कागद घालून ते टपालाने पाठवतात. माझ्या धाकट्या जावेचा नातू न्यू जर्सीत असतो. त्याने हट्ट धरला आणि जाऊबाईंनी मला विचारलं, तेव्हापासून मी या विषयावर वाचते आहे.

आधी चांगली बाजू सांगते, नाहीतर न्याय होणार नाही. हे पाळणारे लोक निर्दय नसतात. डबा किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी उंच हवा, कारण तो उलटा लटकून कात टाकतो आणि जागा कमी पडली तर वाकडा होऊन मरतो. त्याला वाटीतलं पाणी चालत नाही, भिंतीवर पाण्याचे बारीक थेंब फवारावे लागतात. हे सगळं दहा वर्षांचं पोर मनापासून करतं. किडा दिसला की चप्पल उचलणाऱ्यांपेक्षा ते पोर शंभर पटीने बरं. आणि हा जीव तसा कौतुकाचाच आहे. त्याला एकच कान असतो आणि तोही छातीवर, दोन पायांच्या मध्ये. त्या कानाने तो वटवाघळाचा आवाज ओळखतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने त्याला इवलासा चष्मा लावून २०१६ मध्ये दाखवून दिलं की आपल्यासारखंच त्यालाही दोन डोळ्यांनी अंतर कळतं.

आता दुसरी बाजू. मी बी.कॉम. झालेली बाई, मला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही.

हा किडा पूर्ण मांसाहारी आहे आणि त्याला हलणारं, जिवंत भक्ष्यच लागतं. पिल्लांना फळांवरच्या बारीक माश्या देतात. उडता येऊ नये अशा जातीच्या त्या माश्या डब्यात वाढवून विकल्या जातात. मोठ्या किड्यांना मोठ्या माश्या, रातकिडे आणि झुरळं. मादी एका वेळी फेसासारखा अंड्यांचा कोश घालते. काही जातींच्या एका कोशातून शंभर-दोनशे पिल्लं निघतात. समजा, शंभरच निघाली आणि प्रत्येकाला दिवसाआड पाच माश्या दिल्या. महिन्याचे पंधरा दिवस धरले, तर १०० × ५ × १५ म्हणजे ७,५०० माश्या. एका महिन्यात, एका कोशापोटी. पिल्लं एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात. मादी कधी कधी नरालाच खाते. आणि कोश जास्त झाले, सांभाळता येईनात, तर ते फ्रीझरमध्ये ठेवून संपवतात. विक्रीच्या पावतीवर एका किड्याची किंमत असते. बाकीची नावं खर्चात कुठेच दिसत नाहीत.

कुणी म्हणेल, "बागेत तरी तो काय खातो? माश्याच ना!" खरं आहे. त्याचा स्वभाव आहे, त्याचं कर्म त्याच्यापाशी. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित हे तिन्ही मोजले जातात. बागेतल्या माशीशी माझा संबंध नाही. मी पैसे देऊन आणलेली माशी मी स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे सोडते, तेव्हा ती माझ्या खात्यावर येते. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृता'त श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांत असतीपोष आहे. जिवांना मारणारे जीव पोसणं हा त्याचा एक अर्थ. त्यांच्या काळी टपालाने किडे येत नव्हते, पण नियम जुना झाला असं मला वाटत नाही.

मग कुणी म्हणेल, घरात आणलाच आहे, तर माश्या देऊ नका. इथेच खरी अडचण आहे, मैत्रिणींनो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण पाठ केले आहेत. त्यांत बंध म्हणजे कोंडणं आहे आणि अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी तोडणंही आहे. त्याला खायला दिलं तर माश्यांची हिंसा, नाही दिलं तर त्याची हिंसा. बाहेर सोडला तर परदेशी जातीचा किडा तिथल्या थंडीत मरणार, किंवा तगला तर तिथल्या जिवांना खाणार. एकदा डबा घरात आला की कुठल्याही वाटेने गेलं तरी पाप लागतं. म्हणून निर्णय विकत घेण्याच्या आधी करायचा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

परदेशात राहणाऱ्या लेकीसुनांना अजून एक सांगायचं आहे. अमेरिकेत बागेसाठी या किड्यांचे कोश विकतात. औषध फवारावं लागत नाही, म्हणून ते अहिंसक वाटतात. पण हा किडा मावा आणि मधमाशी यांत भेद करत नाही. फुलपाखरंही खातो आणि मोठा झाला तर हमिंगबर्डसारखा चिमुकला पक्षीसुद्धा पकडतो. तिथे सर्रास दिसणारा चिनी प्रार्थना कीटक तर मूळचा तिथला नव्हेच. तो १८९६ मध्ये फिलाडेल्फियाजवळ प्रथम आढळला.

आपल्या लोकांनी कीटक सांभाळलेच नाहीत असं नाही. गुजरातेतल्या जुन्या पांजरपोळांमध्ये जीवातखाना असे. घरोघरच्या धान्यातले किडे तिथे आणून ठेवत आणि त्यांचं आयुष्य संपेपर्यंत राहू देत. दिल्लीच्या लाल मंदिरातल्या पक्षी रुग्णालयात शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांना भरती करून घेत नाहीत. जखम बांधायची, पण त्याच्या जेवणासाठी दुसरा जीव आणायचा नाही. दया कुठपर्यंत आणि पोसणं कुठून सुरू होतं, ही रेघ आपल्या माणसांनी विचार करून ओढली आहे.

पण त्या मुलाला नाकं मुरडण्याआधी आपलं कपाटही उघडून बघू या. रेशमाच्या धाग्यासाठी कोश किड्यासकट उकळतात हे आपल्याला माहीत आहे, तरी लग्नाला पैठणी लागतेच. ओट्याखाली झुरळांचा फवारा असतोच. एका किड्यासाठी माश्या मारणारं पोर पापी आणि हजारो कोशांची साडी नेसलेली आजी धर्मात्मा, असा हिशेब पोरं मान्य करणार नाहीत. आणि करूही नये.

तर नातवाला काय सांगायचं? नुसतं "नको" म्हणू नका. त्याचं कुतूहल मारणं हाही एक प्रकारचा घातच. त्याला बागेत न्या. श्रावणापासून अश्विनापर्यंत आपल्याकडे हे किडे दिव्याच्या उजेडाला येतात. घरात आला तर वर काचेचा पेला ठेवा, खालून जाड कागद सरकवा आणि कढीपत्त्याच्या झाडावर अलगद सोडा. मुलाला वही द्या, रोज किती वेळ दिसला, कात कुठे सापडली ते लिहू द्या. दिवाळीच्या साफसफाईत फांदीवर किंवा भिंतीवर वाळलेल्या फेसासारखा भुरा गोळा दिसला तर खरवडू नका, ती त्याचीच अंडी असतात.

आणि कुणाच्या घरी किडा आधीच आला असेल तर त्याला उपाशी ठेवू नका. त्याचं आयुष्य फार तर वर्षभराचं. ते नीट पुरं होऊ द्या, पण जोडी लावू नका, पिल्लं विकू नका, दुसरा आणू नका. खातं तिथेच बंद करा.

जाऊबाईंना मी हेच कळवलं आहे. सोबत हेही सांगितलं की येत्या लग्नात मी सुती साडी नेसणार आहे. नातवाला आधी ते सांगा, मग किड्याचं सांगा.