कॅमेरा कोणाच्या हाती?

बारावीचे निकाल लागले की चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींना ऊत येतो. कोणाकडे परदेशी बनावटीचे कॅमेरे आहेत, कोणाचा स्टुडिओ वातानुकूलित आहे, कोणत्या नामवंत नटाच्या हस्ते पदवीदान झाले, किती विद्यार्थ्यांना किती पगाराची नोकरी लागली, यांचे तक्ते पालकांपुढे ठेवले जातात आणि तुलना करून निवड करा असे सांगितले जाते. या तक्त्यांत एक रकाना मात्र कधीच नसतो. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा किंवा करमाळ्याच्या शेतमजुराची मुलगी या संस्थेच्या दारातून आत येऊ शकते काय, हा तो रकाना. चित्रपटशिक्षणाची तुलना करायचीच असेल तर ती येथून सुरू झाली पाहिजे.

शेतमालाचा भाव, बेरोजगारी आणि पाणी यांचे प्रश्न आ वासून उभे असताना सिनेमाच्या शाळांची चर्चा कशाला, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु हीच चळवळ एके काळी कलेला लोकशिक्षणाचे साधन मानत आली आहे. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडले. त्यांना तेथे प्रवेशशुल्क कोणी विचारले नव्हते. आज गावोगावच्या माणसाच्या हातात चोवीस तास जे चलच्चित्र आहे, त्यातून त्याला स्वतःचे, स्वतःच्या जातीचे आणि श्रमाचे कोणते रूप दाखवले जाते, हा राजकीय प्रश्न आहे. आणि ते रूप कोण घडवतो, हे बऱ्याच अंशी कोणाला शिकायला मिळाले यावर ठरते.

या देशात चित्रपटाचे पद्धतशीर शिक्षण भांडवलदारांनी सुरू केले नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. चित्रपटधंद्याने कोट्यवधी रुपये मिळवले, पण शाळा काढल्या त्या सरकारने. बंगळुरूच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये स्वातंत्र्यापूर्वीच छायालेखनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’ यांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती तेथलेच विद्यार्थी, आणि पुढे ‘मंथन’चे छायालेखन व ‘आक्रोश’चे दिग्दर्शन करणारे गोविंद निहलानी हेही तेथलेच. मद्रासमध्येही सरकारी तंत्रनिकेतनाच्या छत्राखाली असाच अभ्यासक्रम उभा राहिला. म्हणजे सुतारकाम, यंत्रकाम यांच्या बरोबरीने, एका साध्या तंत्रशाळेत, प्रकाश आणि सावली हाताळण्याची विद्या शिकवली जात होती. यात कोणाला काही कमीपणा वाटला नाही.

१९४९ साली केंद्र सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. १९५१ च्या अहवालात तिने चित्रपटशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापण्याची शिफारस केली आणि १९६० साली पुण्यात, बंद पडलेल्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, ती संस्था सुरू झाली. १९६४ मध्ये तिच्या शेजारी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही दिल्लीहून पुण्यास हलवण्यात आले. कलकत्त्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था १९९५ ची. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया या विद्यापीठात १९८२ मध्ये जनसंज्ञापनाचे केंद्र निघाले. या साऱ्या संस्थांत पैसा जनतेचा होता, म्हणून त्यांच्यावर जनतेचा हक्कही होता.

या गुंतवणुकीतून देशाला काय मिळाले? ऋत्विक घटक यांनी काही काळ पुण्याच्या संस्थेत शिकवले. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. याच संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून १९७६ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणला. जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ मंडळींनी केरळात गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या पैशातून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ निर्माण केला. सावकाराकडे हात न पसरता चित्रपट काढता येतो हे त्यांनी करून दाखवले. ज्या तरुणावर शिक्षणाचे कर्ज नसते तोच असे धाडस करू शकतो. हप्ते फेडायचे असलेला पदवीधर पहिल्याच दिवशी मालिकेच्या कारखान्यात हजर होतो, आणि तेथे दिवसाचे चौदा तास तो काय काढतो हे घरोघरच्या प्रेक्षकांना ठाऊक आहेच.

खासगी संस्थांचे समर्थक यावर तीन मुद्दे मांडतात. त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला असा की सरकारी संस्था सुस्त आहेत. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाच-सहा वर्षे रेंगाळतो, यंत्रे जुनी होतात, शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात. ही तक्रार खोटी नाही. पुण्याच्या संस्थेत अभ्यासक्रम रखडण्याचे प्रकार वर्षानुवर्षे घडले आहेत. परंतु कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नसेल तर कालवा दुरुस्त करायचा असतो; तो बागायतदाराच्या विहिरीसाठी बुजवायचा नसतो.

दुसरा मुद्दा असा की धनाढ्य उद्योगासाठी माणसे तयार करण्याचा खर्च करदात्याने का सोसावा. मग हा खर्च खासगी संस्था स्वतःच्या बळावर सोसतात काय? मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीतील सुमारे वीस एकर सार्वजनिक जमीन एका खासगी चित्रपटसंस्थेसाठी ज्या कराराने दिली गेली, तो करार मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बेकायदा ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय कायम ठेवला. जमीन जनतेची, नफा मालकाचा आणि प्रवेश ज्याच्या खिशात लाखो रुपये आहेत त्याला, असे हे स्वावलंबन आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडून दिले, तेव्हापासून महाराष्ट्राने हे शास्त्र चांगलेच आत्मसात केले आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यक यांनंतर आता कलेची पाळी आली, इतकेच.

तिसरा मुद्दा नव्या काळाचा आहे. हातातल्या मोबाईलवर चित्रपट काढता येतो, मग शाळाच कशाला? यंत्र स्वस्त झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण पेन स्वस्त झाले म्हणून प्राथमिक शाळा बंद करा, असे कोणी म्हणत नाही. ध्वनी, संकलन, पटकथा यांची शिस्त, जगातले उत्तम चित्रपट पाहण्याची आणि त्यांवर भांडण्याची सवय, चुका दाखवणारा शिक्षक, आणि पोटाची चिंता न करता दोन-तीन वर्षे शिकण्याची मोकळीक या गोष्टी मोबाईलबरोबर मिळत नाहीत. सुखवस्तू घरातला मुलगा त्या विकत घेतो. गरिबाला त्या समाजानेच दिल्या पाहिजेत.

अर्थात सरकारी म्हणजे आपोआप न्याय्य, असे मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या संस्थेतील शुल्क दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेले आणि प्रवेशपरीक्षेचे शुल्कही हजारोंच्या घरात पोचले, म्हणून २०१९ च्या डिसेंबरात तेथील विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावे लागले. परीक्षेला बसण्यासाठीच आठवड्याची मजुरी पुरत नसेल तर पुढच्या आरक्षणाला अर्थ उरत नाही. केरळात कोट्टयम येथे राज्य सरकारच्या के. आर. नारायणन यांच्या नावाच्या चित्रपटसंस्थेत २०२२ च्या डिसेंबरात विद्यार्थी संपावर गेले. राखीव जागांवरील प्रवेशात अन्याय होतो आणि सफाई कामगार स्त्रियांना संचालकांच्या घरी राबवून घेतले जाते, असे त्यांचे आरोप होते. जानेवारी २०२३ मध्ये संचालकांना पायउतार व्हावे लागले. देशाच्या पहिल्या दलित राष्ट्रपतींचे नाव दारावर, आणि आत हा संघर्ष! डाव्या सरकारच्या राज्यात हे घडले, ही गोष्ट समाजवाद्यांनी झाकून ठेवता कामा नये.

तरीही सार्वजनिक आणि खासगी संस्थांत एक मूलभूत फरक उरतोच. सार्वजनिक संस्थेतील विद्यार्थी ग्राहक नसतो, म्हणून तो जाब विचारू शकतो. २०१५ साली पुण्याच्या संस्थेच्या अध्यक्षपदी केंद्र सरकारने केलेल्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. ऑगस्टमध्ये मध्यरात्री पोलीस आवारात शिरले आणि काहींना अटक झाली. ज्या विद्यार्थ्यांवर खटला गुदरला त्यांत पायल कपाडिया होत्या. त्यांच्याच ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ या चित्रपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले, तेव्हा पंतप्रधानांनी या संस्थेच्या माजी विद्यार्थिनी म्हणून त्यांचे अभिनंदन केले. दिल्लीच्या स्मरणशक्तीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

त्या चित्रपटात छाया कदम यांनी रंगवलेली पार्वती ही रुग्णालयातील स्वयंपाकीण आहे. तिच्या मृत नवऱ्याने गिरणीत घाम गाळला, पण राहत्या घराचा कागद तिच्याजवळ नाही. म्हणून बिल्डर तिला हुसकावतो आणि ती रत्नागिरीकडे परतते. गिरणगावाची ही कहाणी या साप्ताहिकाच्या वाचकांना परकी नाही. ती जगापुढे मांडण्याचे धैर्य सार्वजनिक संस्थेत शिकलेल्या, संपात उतरलेल्या दिग्दर्शिकेने दाखवले, हा योगायोग मानता येणार नाही.

परंतु महाराष्ट्रासाठी सर्वांत मोठा धडा पुण्यात वा मुंबईत सापडत नाही; तो नगरला सापडतो. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि त्या अभ्यासाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेत जाण्यासाठी आसुसलेल्या, गावकुसाबाहेरच्या पोराची ती गोष्ट. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा सन्मान झाला. पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आले, आणि मराठी पडद्यावर जी माणसे केवळ विनोदापुरती वा गर्दीपुरती येत होती ती मध्यभागी उभी राहिली. हे घडायला शंभर कोटींचा स्टुडिओ लागला नाही. बोलीभाषेला न हसणारे जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय आणि आवाक्यातले शुल्क एवढे पुरले. जाहिरातींतील कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात अशा महाविद्यालयाला वरचा क्रमांक मिळणार नाही. लोकांच्या तक्त्यात तो मिळाला पाहिजे.

आज या प्रश्नाला निकड आली आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुणे आणि कलकत्ता येथील दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. पदवी देण्याचा अधिकार मिळाला, हे चांगलेच झाले. पण अभिमत विद्यापीठ हे शब्द ऐकले की या राज्यातील सामान्य माणसाला वैद्यकीय महाविद्यालयांची लाखोंची फी आठवते. स्वायत्ततेच्या नावाखाली अनुदान आटवायचे आणि तूट विद्यार्थ्यांकडून भरून काढायची, ही वाट आता ओळखीची झाली आहे. त्यातच केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईत अॅनिमेशन, खेळ आणि तत्सम तंत्रांच्या राष्ट्रीय केंद्राला मंजुरी दिली. त्यात उद्योगपतींच्या संघटना भागीदार आहेत. सरकारच्या पैशाने उद्योगाला लागणारे हात घडवायचे, हा त्याचा रोख उघड आहे. हात जरूर घडवावेत. पण त्या हातांना स्वतःची गोष्ट सांगण्याचा अधिकार कोठे शिकवला जाणार?

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. सार्वजनिक चित्रपटसंस्थांतील वार्षिक शुल्कवाढ थांबवावी आणि प्रवेशपरीक्षेचे शुल्क नाममात्र ठेवावे. परीक्षा मराठीसह सर्व भारतीय भाषांत द्यावी, कारण इंग्रजीची चाळण लावली की पडद्यावर येणारी माणसे आधीच गाळली जातात. राखीव जागा भरल्या किंवा नाही, याचा तपशील दरवर्षी जाहीर करावा. संस्थांच्या नियामक मंडळांवर विद्यार्थ्यांचे आणि चित्रपट कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. आणि राज्य सरकारने चित्रनगरीच्या जमिनीचा हिशेब मांडत बसण्याऐवजी प्रत्येक महसुली विभागात किमान एका अनुदानित महाविद्यालयात चित्रपट व दूरचित्रवाणीचा पूर्ण अभ्यासक्रम, वसतिगृहासह, सुरू करावा.

सरकार हे आपण होऊन करणार नाही. तालुक्याच्या गावी चित्रपट मंडळ चालवणारा कार्यकर्ता, आपल्या महाविद्यालयात विनाअनुदानित वर्गाची फी भरणारा विद्यार्थी आणि सेटवर चौदा तास राबणारा कामगार हे तिघे एकत्र आले तरच ही मागणी उभी राहील. कलापथकाच्या काळात सदऱ्याच्या खिशात भाकरी बांधून गावोगाव फिरणाऱ्यांनी महाराष्ट्राचा रंगमंच बदलला. तीच भाकरी बांधून आज शिकायला निघालेल्या पोरापोरींसाठी शाळेचे दार उघडे ठेवणे, एवढे काम या पिढीकडे आले आहे.