६१७४ : जादू नव्हे, गणित

चार अंकी कोणतीही एक संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. हे अंक प्रथम उतरत्या आणि नंतर चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आरंभी शून्य आले तरी ते गाळू नये. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उदाहरणार्थ, १९६२ ही संख्या घेऊ. ९६२१ − १२६९ = ८३५२. पुढे ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ७६४१ − १४६७ = ६१७४! येथून पुढे उत्तर बदलतच नाही. आरंभ कोठूनही करा, अधिकात अधिक सात पायऱ्यांत आपण याच मुक्कामी येऊन पोहोचतो.

हा गुणधर्म देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधून काढला व १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. आज ही संख्या ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने जगभर ओळखली जाते.

अशा विषयावर लिहिताना ‘अंकांची जादू’ हा शब्दप्रयोग अनुवादकाच्या लेखणीतून सहज उतरतो. तो टाळावा, असे आमचे मत आहे. जादू पाहून मनुष्य थक्क होतो आणि तेथेच थांबतो. गणितात मात्र आश्चर्य ही पहिली पायरी होय; ‘असे का?’ हा प्रश्न ही दुसरी.

त्या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या आवाक्यातले आहे. उतरत्या क्रमाने मांडलेल्या अंकांना अ, ब, क, ड म्हणू. मग वजाबाकी नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतकी येते. १९६२ मध्ये हे दोन फरक ८ आणि ४ आहेत; म्हणून ७९९२ + ३६० = ८३५२. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो. दुसरा ० पासून पहिल्याइतका. अशा जोड्या अवघ्या ५४ होतात. ९९९० संख्यांचा पसारा ५४ उदाहरणांत सामावला! विद्यार्थ्यांनी ती आपापसांत वाटून घेऊन फळ्यावर मांडली, तर एकही शक्यता उरत नाही; आणि जेथे एकही शक्यता उरत नाही, तेथे पडताळा हीच सिद्धता ठरते.

जो केवळ नवलावर विसंबतो, तो पुढे फसतो. तीन अंकी संख्यांना ४९५ हा असाच मुक्काम आहे; परंतु दोन अंकी संख्यांना तो नाही. तेथे ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३ असे चक्र अखंड फिरत राहते.

या शोधाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. ज्याची सिद्धता विद्यार्थी स्वतः आरंभापासून अखेरपर्यंत पुरी करू शकतो, असे प्रश्न गणितात विरळा. हा उपयोग थोडा नव्हे. म्हणून शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे : ६१७४ ही संख्या मुलांना आधी सांगू नये. ती त्यांना सापडू द्यावी, आणि सापडल्यावर तिचे कारण त्यांच्याकडूनच मागावे.