तांड्याचे पागोटे आणि परक्या गुराख्याची टोपी

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे ठाणे असलेल्या या क्षेत्री रामनवमीला निरनिराळ्या राज्यांतून लाखो भाविक येतात. वऱ्हाडातील कोणत्याही जत्रेत फेरफटका मारावा. खेळणी आणि कपड्यांच्या दुकानांत रुंद काठाची, दोन्ही बाजूंनी वर वळवलेली, कपाळावर पत्र्याची चांदणी डकवलेली एक टोपी हमखास टांगलेली दिसते. कॉलेजात जाणारा तरुण ती डोक्यावर चढवतो, बोटभर फाटलेल्या जीन्सच्या खिशातून मोबाइल काढतो आणि स्वतःचे छायाचित्र टिपतो. शेजारी पागोटे बांधलेले आजोबा उभे असतात. छायाचित्रात ते येऊ नयेत, याची काळजी नातू घेतो.

नातवाला वाटते, आपण आधुनिक झालो. वस्तुतः त्याने डोक्यावर घेतली आहे ती अमेरिकेतील गुराख्याची टोपी. शेकडो वर्षे लाखो बैल हाकत अवघा हिंदुस्थान पालथा घालणाऱ्या समाजाच्या मुलाने परक्या गुराख्याची टोपी अभिमानाने मिरवावी आणि आपल्या गुराख्याच्या पागोट्याची लाज बाळगावी, याला आधुनिकता म्हणत नाहीत; याचे नाव आत्मविस्मृती.

त्या टोपीचा दोष मुळीच नाही. मेक्सिकोतील गुराख्यांच्या रुंद काठाच्या टोपीपासून ती उत्क्रांत झाली. जॉन स्टेटसन याने १८६५ मध्ये फिलाडेल्फियात कारखाना काढून केसाळ जनावरांच्या लोकरीपासून बनवलेल्या नमद्याची पक्की टोपी बाजारात आणली. टेक्सासच्या माळावर दिवसच्या दिवस घोड्यावर काढणाऱ्या माणसाला तिचा काठ उन्हापावसापासून वाचवी. प्रसंगी तिने विस्तवाला वारा घालता येई. ती टोपी कामातून जन्मली, म्हणून अस्सल. वाशिमच्या जत्रेतील कचकड्याची टोपी वैशाखाच्या उन्हात डोके भाजून काढते आणि पहिल्या पावसात मान टाकते. तिच्यामागे ना काम आहे, ना माळ, ना घोडा.

आता पागोट्याकडे पाहावे. सुती कापडाची लांब पट्टी, तिला शिवण नाही की बटण नाही. घाम टिपते, उन्हाची तिरीप अडवते, ओझ्याखाली डोक्याला आधार देते. विहिरीवर दोर कमी पडला तर दोर होते, जखमेवर पट्टी होते, रात्री उशाला येते. वऱ्हाडच्या कापसाने वऱ्हाडच्या उन्हाला दिलेले ते उत्तर होते. अमेरिकी गुराख्याची टोपी जितकी अस्सल, तितकेच हे पागोटेही अस्सल.

दोन गुराखी, दोन नशिबे

अमेरिकेतील गुरांच्या त्या सुप्रसिद्ध कळपयात्रांचा भर यादवी युद्धानंतरची जेमतेम दोन दशके टिकला. रेल्वे सर्वत्र पोहोचली, १८७४ मध्ये ग्लिडनच्या काटेरी तारेचे पेटंट निघाले, माळ कुंपणात गेले आणि तो गुराखी मागे पडला. पण त्या समाजाने त्याला विसरू दिले नाही. कादंबऱ्यांनी, चित्रपटांनी, एवढेच काय सिगारेटच्या जाहिरातींनीही त्याला जगभर नेले. आपल्याकडे १९७०च्या दशकात फिरोज खानसारख्या नटांनी ती टोपी हिंदी पडद्यावर रुळवली आणि तेथून ती तालुक्याच्या बाजारात उतरली.

इकडे बंजाऱ्यांचे काय झाले? मीठ, धान्य आणि कापूस बैलांच्या पाठीवर लादून हे तांडे मुलुखामागून मुलूख ओलांडत. फौजांची रसद त्यांच्या भरवशावर चाले. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादुरांचे बलिदान झाले, तेव्हा त्यांचा देह मोगलांच्या पहाऱ्यातून नेऊन स्वतःच्या घराला आग लावून त्यातच अंत्यसंस्कार करणारा लक्खी शाह हा बंजाराच होता. त्या जागी आज गुरुद्वारा रकाबगंज उभा आहे. असा हा समाज. इंग्रजांची रेल्वे आली आणि त्याचा व्यापार बुडाला. पाठोपाठ १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’ ठरवण्याची रीत सुरू झाली आणि अनेक प्रांतांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. तो कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

अमेरिकेने आपल्या गुराख्याला नायक केले. आपल्या गुराख्याला परकीय सरकारने गुन्हेगार म्हटले आणि उर्वरित समाजाने तो शब्द मुकाट्याने उचलला. नातू आजोबांपासून दूर का उभा राहतो, याचे उत्तर येथे सापडते.

‘काळाबरोबर वेश बदलतोच, जीन्स टिकाऊ आहे, सोयीची आहे, मग तक्रार कशाची?’ असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे, आणि जीन्सविरुद्ध येथे तक्रार नाही. खाणीत आणि शेतात राबणाऱ्यांसाठी रिबिटी ठोकलेल्या विजारीचे पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये घेतले. तीही कष्टाचीच निपज. शिवाय पाश्चात्त्यांच्या कष्टकरी पोशाखात आपलेही देणे आहे. ‘डंगरी’ हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून जाडेभरड्या कापडाला मिळाले. गुराख्याच्या गळ्यातील ‘बंडाना’ रुमालाचे नाव आपल्या बांधणीच्या कुळातले. त्यांनी हे सारे घेतले आणि आपल्या कामाला जुळवून आपलेसे केले. याला स्वीकार म्हणतात. काम न घेता केवळ रूप घेणे ही नक्कल. स्वीकाराने समाज संपन्न होतो. नकलेने फक्त दुकानदार.

देशी नक्कल

परंतु तांड्यावरील पोराला बोल लावण्यापूर्वी शहरातील सुशिक्षितांनी आरशात पाहावे. लग्नात पाहुण्यांच्या डोक्यांवर भाड्याचे, आधीच शिवलेले फेटे चढवले जातात आणि जेवणापूर्वी मोजून परत घेतले जातात. बांधणारे हात आणि बांधण्याची कला दोन्ही त्यातून बाद होतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘लमाणी नृत्य’ असते. त्यासाठी चमचमत्या प्लॅस्टिकच्या टिकल्यांचा घागरा दुकानातून आणला जातो. टाळ्या पडतात. त्याच शाळेत त्याच दिवशी तांड्यावरची एखादी आजी आपल्या हाताने भरलेला फेटिया आणि कांचळी लेवून आली, तर तिच्याकडे वळणाऱ्या नजरा कशा असतात? सोंगाला टाळ्या आणि सत्याला हसू, हा आपला स्वदेशाभिमान! ही नक्कलही तितकीच पोकळ आहे, जितकी ती कचकड्याची टोपी.

या हेटाळणीपायीच कित्येक बंजारा भगिनींनी आपला वेश पेटीत ठेवला. त्याचा भार होतो हेही खरे आणि कोणत्याही स्त्रीवर वेशाची सक्ती करणे गैरच. पण सोयीसाठी सोडणे वेगळे आणि लाजेखातर सोडणे वेगळे. लाजेखातर सोडला की भरतकामही सुटते: आरसे, कवड्या, नाणी, एकेका टाक्याचे नाव. गंमत अशी की गोव्यात हणजुण्याच्या बाजारात लमाणी स्त्रिया हेच भरतकाम मांडून बसतात आणि पाश्चात्त्य पर्यटक ते हौसेने नेतात. परका आपल्या आजीच्या घागऱ्याचा तुकडा विकत घेतो आणि आजीचा नातू परक्याच्या गुराख्याची नक्कल विकत घेतो.

मार्ग नाही असे नाही. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२३ मध्ये हंपीत जी-२० बैठकीच्या निमित्ताने साडेचारशेहून अधिक स्त्रियांच्या हातच्या अशा वस्तूंचे विक्रमी प्रदर्शन मांडले गेले. पोहरादेवीतही ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ते स्तुत्यच आहे. मात्र काचेआड ठेवलेला वेश पाहून बाहेर पडणाऱ्या मुलाला तो अंगावर मिरवावासा वाटला नाही, तर संग्रहालयाचे काम अर्धेच झाले. पुढचे अर्धे काम शासनाचे नव्हे, समाजाचे आहे. वाशिम, मंगरुळपीर, कारंज्यातील कुटुंबांनी सणाच्या खरेदीत तांड्यावरचे भरतकाम योग्य दाम देऊन घ्यावे. शाळांनी संमेलनाचा पोशाख भाड्याने आणण्याऐवजी तांड्यावरील मातांना सन्मानाने बोलावून मुलींना टाका शिकवावा. आणि फेटा बांधायचाच असेल, तर तो बांधता येणाऱ्या वृद्धाच्या हातून बांधून घ्यावा.

मग पुढच्या रामनवमीला नातवाने ती टोपी घातली तरी बिघडणार नाही. छायाचित्र काढताना त्याने आजोबांना बाजूला न सारता जवळ ओढावे, एवढे झाले म्हणजे पुरे.