विश्लेषण : गणवेशातल्या रजेत पीएफचा विमा टिकतो का?

प्रादेशिक सेनेतील, म्हणजेच टेरिटोरियल आर्मीतील, अधिकारी व जवानांना गरजेनुसार सेवेत बोलावण्याचे अधिकार केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये लष्करप्रमुखांना दिले. ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करण्याची मुभा त्या आदेशात आहे आणि त्याची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. या सेनेतील अनेक जण एरवी कारखान्यात, बँकेत किंवा खासगी कंपनीत नोकरी करतात. पुणे आणि कोल्हापुरातही अशा बटालियन आहेत. बोलावणे आल्यावर कंपनीने बिनपगारी रजा दिली, तर पीएफबरोबर मिळणाऱ्या विम्याचे काय होते?

हा विमा कोणता?

पीएफ खातेदार असलेल्या कित्येकांना आपला असा विमा आहे हेच ठाऊक नसते. कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना, अर्थात ईडीएलआय, १९७६ पासून लागू आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यासाठी एक पैसाही कापला जात नाही. मालक वेतनाच्या अर्धा टक्का भरतो. १५ हजारांच्या वेतनमर्यादेने ही रक्कम महिन्याला ७५ रुपये होते. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास, कारण कोणतेही असो, वारसांना कमाल ७ लाख रुपये मिळतात. लष्कराकडून मिळणारे लाभ याहून वेगळे.

अडचण कुठे येते?

रक्कम ठरते ती मृत्यूपूर्वीच्या १२ महिन्यांवरून. सरासरी मासिक वेतनाच्या ३५ पट, अधिक पीएफमधील सरासरी शिलकीचा निम्मा भाग. हा दुसरा भाग कमाल पावणेदोन लाख. वेतन १५ हजार धरले तर पहिला भाग सव्वापाच लाख होतो. आता त्या १२ पैकी ६ महिने बिनपगारी रजेचे आहेत आणि ते शून्य धरून सरासरी काढली, तर ती साडेसात हजारांवर येते. सव्वापाच लाखांचे दोन लाख ६२ हजार ५०० उरतात.

पुढची गाठ अधिक घट्ट आहे. जुलै २०२५ मधील दुरुस्तीनुसार शेवटचे योगदान जमा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव कंपनीच्या पटावर कायम असेल, तर विमा मिळतो. आजारपणाच्या लांबलेल्या रजेत गेलेल्यांच्या कुटुंबांना यामुळे दिलासा मिळाला. ही सुधारणा चांगलीच आहे. मात्र सैन्यातले बोलावणे सहा महिन्यांत संपेल याची हमी कोण देणार?

कायदा काय सांगतो?

प्रादेशिक सेना कायदा १९४८ चा. सेवेवरून परतलेल्याला पुन्हा कामावर घेणे ही मालकाची जबाबदारी असल्याचे त्यात नमूद आहे. भविष्य निर्वाह निधीतील हक्कही नियमांत ठरवल्याप्रमाणे सुरू राहतील, असे हाच कायदा म्हणतो. हेतू स्पष्ट आहे. पण सहा महिन्यांची अट घालताना विमा योजनेने लष्करी रजेसाठी वेगळी वाट ठेवलेली नाही. सैन्यात बोलावलेल्या कर्मचाऱ्याचे महिने शेवटच्या वेतनाप्रमाणे धरावेत आणि मालकाने ७५ रुपये भरत राहावे, एवढे एक वाक्य योजनेत घातले तरी प्रश्न सुटेल. वर्षाचा खर्च ९०० रुपये. तेवढ्यासाठी मालकांना सवलत द्यावी असे कोणी म्हणेल असे वाटत नाही.

तोवर काय करावे?

रुजू होण्यापूर्वी रजेचे पत्र लेखी घ्यावे. कंपनीने पीएफच्या पोर्टलवर ‘नोकरी सोडल्याची तारीख’ टाकू नये, हे त्यात यायला हवे. ती तारीख एकदा पडली की पटावर असण्याची अटच मोडते. ई-नामांकन पूर्ण आहे का, तेही पाहावे. काही कंपन्या ईडीएलआयऐवजी स्वतःचा समूह विमा घेतात. तिथे पॉलिसीतील रजा आणि युद्ध यांबाबतच्या अटी आधी मागून वाचाव्यात. वारसांनी भरायचा अर्ज आहे ५ आयएफ, आणि तो घरात कोणाला तरी माहीत असायला हवा.