उगम आणि पाट

'डिराइव्ह' हे इंग्रजी क्रियापद 'रिव्हर'चे भावंड असावे, असे वाटण्याचा मोह सहज होतो. पण 'रिव्हर' लॅटिन 'रिपा'पासून, म्हणजे काठापासून आले; 'डिराइव्ह' 'रिवस'पासून, म्हणजे ओढ्यापासून. 'डेरिवारे' म्हणजे ओढ्याचे पाणी पाट काढून दुसरीकडे वळवणे. एकाच ओढ्याचे पाणी घेणारे ते 'रिवालिस'. त्यातूनच पुढे 'रायव्हल' आला. व्युत्पत्तीसाठी योजलेले हे क्रियापदच बजावते, की शब्द आपसूक वाहत येत नाहीत. कुणीतरी गरजेनुसार ते वळवून घेते. म्हणूनच मूळ अर्थ तोच खरा अर्थ, ही शिकवण आम्हांला मान्य नाही. वर्गात उगमाइतकाच पाटही दाखवावा: तो कोणी, कधी आणि कोणत्या शेतासाठी काढला.