थर्मामीटर सुनेच्याच तोंडात का?

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ च्या घरात जातो, आणि याच मुलखात मूल न झालेल्या सुनेला ऐकवलं जातं, 'तुझं अंगच थंड.' आधी हे वैदू सांगायचा. आता मोबाइलवर व्हिडिओ बघितलेले शिकले-सवरलेले सांगतात. फरक एवढाच, की यांना 'मेटाबॉलिझम' म्हणता येतं.

अशा एका सुनेची वही मी पाहिली आहे. तारखेसमोर पहाटेचा आकडा: ९७.१, ९६.९, ९७.३. पुढे शेरा, 'कमी'. शेरा नवऱ्याच्या अक्षरात. या परीक्षकाने स्वतःची वीर्यतपासणी केली होती का? छे! पुरुषाला कशाला त्रास?

सकाळचे ९७ अंश फॅरनहाइट हा आजार नव्हे. स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे तापमान अर्धा ते एक अंश चढतं. बघायची असते ती ही चढण, आणि तीही बीज सुटून गेल्यावर कळते. शिवाय मोजायचं झोपेतून जाग येताच, अंथरुणातून उठण्याआधी. मोहाच्या दिवसांत अंधारातच टोपली घेऊन रान गाठणाऱ्या बाईने हा सोहळा कधी उरकावा, ते या पंडितांनी सांगावं. थायरॉइड मंदावला तर पाळी बिघडते, गर्भ राहायला अडचण येते, हे खरंच. पण काखेतल्या तापमानावरून थायरॉइड ओळखायची टूम अमेरिकेत ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ साली काढली, तेव्हा टीएसएचची रक्ततपासणी नव्हती. आज आहे. ती करा.

आणि खरं दुखणं कुठे आहे, हे गडचिरोलीने जगाला कधीच सांगून ठेवलंय. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी इथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार. एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या? अवघ्या ८ टक्के! बाकीच्या अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, तरी धान रोवत होत्या. जंतुसंसर्ग अंगावर काढला की गर्भनलिका बंद होऊ शकतात. गर्भाशयाचा क्षयही तेच करतो. बंद नलिकेपुढे अंग कितीही 'गरम' करा, कूस उजवत नाही. पण गरम औषधाच्या पुड्या विकता येतात, आणि बाईला टेबलावर झोपवून नीट तपासायला डॉक्टरीण लागते. भामरागड-एटापल्लीकडून त्यासाठी निघालेल्या बाईचा आख्खा दिवस एसटीतच जातो. यावर कुणी व्हिडिओ काढत नाही.

मूल न होण्यामागे साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा जोडीला. त्याची तपासणी सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्वस्त, आणि आपल्याकडे सगळ्यांत शेवटी. म्हणून सासूबाई, सुनेचं तापमान घेण्याआधी मुलाचा रिपोर्ट आणा.