छत किती वाकलंय हे लांबूनच मोजता येतं, मग ते कोसळतं का?

२८ जून २०२४ च्या पहाटे दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल १ बाहेरचं छत कोसळलं. खालच्या गाड्या चेपल्या, एकाचा जीव गेला. त्या २४ तासांत दिल्लीत २२८ मिमी पाऊस झाला होता. आदल्या दिवशी जबलपूर आणि दुसऱ्या दिवशी राजकोट विमानतळावरही बाहेरच्या छताचे भाग खाली आले.

पाण्याचं वजन किती?

एक चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ किलो. निचरा तुंबून १० बाय १० मीटर भागात १०० मिमी पाणी साचलं, की झालं १० टन ओझं! छत वाकतं, त्या झोळात आणखी पाणी साचतं, छत आणखी वाकतं. मधे खांब नसलेल्या मोठ्या छतांना हा धोका जास्त.

हात न लावता मोजणी

वर चढून सेन्सर चिकटवायलाच हवेत असं नाही. लेझर स्कॅनर जमिनीवरून किरण सोडतो आणि ते परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतो. काही आयफोनमधला लायडार याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याचा पल्ला छोटा. अशा लाखो बिंदूंतून छताचा थ्रीडी नकाशा तयार होतो. रडार तर मिलिमीटरपेक्षा कमी हालचालही टिपतं. कॅमेरा छतावरच्या खुणा किती सरकल्या ते बघतो.

पण एकदा मोजून भागत नाही. १०० मीटर पोलाद २० अंश तापलं तर २४ मिमी वाढतं. त्यामुळे उन्हाचा परिणाम कुठला आणि बिघाड कुठला, हे महिनोन्‌महिने मोजल्यावरच कळतं. शिवाय आतला गंज किंवा सैल बोल्ट लेझरला दिसत नाही.

आकडा दिसला, पुढे काय?

अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या इनडोअर स्टेडियमचं छत १९७३ मध्ये वर चढवलं, तेव्हाच ते हिशोबापेक्षा जवळपास दुप्पट वाकलेलं आढळलं होतं. काळजीचं कारण नाही, असं ठरलं. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे ते बर्फाच्या ओझ्याने कोसळलं. काही तास आधी तिथे सुमारे ५,००० प्रेक्षक सामना बघत होते. स्टेडियम रिकामं होतं, म्हणून जीव वाचले.

म्हणजे आकडा तेव्हाही हातात होता. आज मोजणी सोपी झालीय. पण छत किती वाकलं की खालची जागा रिकामी करायची, आणि तो आदेश कोण देणार, हे पावसाळ्याआधी ठरलेलं नसेल, तर महागडा स्कॅनर नुसते फोटो काढत बसेल.